तिकीट स्वस्त, वेग तोच

२३ फेब्रुवारी २०१६. बार्सिलोनाजवळच्या मोंटमेलो ट्रॅकवर निको रोझबर्ग सकाळी मर्सिडीज घेऊन निघाला आणि संध्याकाळपर्यंत त्याने १७२ फेऱ्या मारल्या. एक फेरी ४.६५५ किलोमीटरची, म्हणजे दिवसभरात ८०० किलोमीटर. आपला ७०१ किलोमीटरचा अख्खा समृद्धी महामार्ग संपवून वर आणखी शंभर! याच ट्रॅकवरची स्पॅनिश ग्रां प्री तेव्हा ६६ फेऱ्यांची असायची. त्या मंगळवारी स्टँडमध्ये बसलेल्या माणसाने एकाच गाडीच्या अडीच शर्यती पाहिल्या, आणि त्याही शर्यतीच्या तिकिटापुढे किरकोळ वाटावं अशा पैशांत.

फॉर्म्युला वनचा मोसम मार्चमध्ये सुरू होतो. त्याआधी, ऐन हिवाळ्यात, सगळे संघ आपापल्या कोऱ्या गाड्या घेऊन एका ट्रॅकवर जमतात. कारखान्यात महिनोन्‌महिने बनवलेली गाडी खरंच पळते का, वळते का, तापते का, हे तिथे कळतं. हेच प्री-सीझन टेस्टिंग. इथे ना करंडक ना गुण, म्हणून परदेशी सहलीचा बेत आखणारे बहुतेकजण इकडे फिरकत नाहीत. माझं मत अगदी उलट आहे. पहिल्यांदाच बाहेरच्या देशात जाऊन या गाड्या डोळ्यांनी बघायच्या असतील आणि खिसा बेताचा असेल, तर आधी टेस्टिंग गाठा. शर्यत टीव्हीवर छान दिसते. टेस्टिंग मात्र ट्रॅकच्या कडेला उभं राहूनच बघावं.

दिवसभर गाडी

शर्यतीच्या रविवारी खेळ असतो जेमतेम दोन तासांचा. जागा ठरलेली, नंबर लिहिलेला. समोरच्या वळणावरून गाड्यांचा घोळका गेला की पुढच्या फेरीपर्यंत मोठ्या पडद्याकडे बघायचं. टेस्टिंगचं वेळापत्रक भरगच्च असतं. बार्सिलोनात सकाळी ९ ते १, मग तासाभराची जेवणाची सुट्टी, पुन्हा २ ते ६ असायचं. आठ तास! प्रत्येक संघाला एका वेळी एकच गाडी ट्रॅकवर आणता येते, त्यामुळे दोन ड्रायव्हर दिवस वाटून घेतात, बहुतेकदा एक सकाळी, दुसरा दुपारी. गाड्या सुट्ट्या-सुट्ट्या येतात, आणि हीच खरी मेजवानी. एकेका गाडीचा आवाज वेगळा ऐकू येतो, एकेकीची चाल वेगळी दिसते.

जे स्टँड उघडे असतील त्यांत हवं तिथे बसा, कंटाळा आला की उठून पुढच्या वळणावर जा. मोंटमेलोचं तिसरं वळण यासाठी प्रसिद्ध आहे. उजवीकडे जाणारं, लांबच लांब, संपता संपत नाही असं. चांगली गाडी तिथे रेघ ओढल्यागत जाते. वाईट गाडीचा ड्रायव्हर मध्येच स्टिअरिंग सावरताना दिसतो, पुढची चाकं बाहेरच्या बाजूला सरकतात, ॲक्सिलरेटर क्षणभर सुटल्याचं आवाजावरून कळतं. अर्धा तास तिथे उभं राहिलं की कोणाचा हिवाळा सुखाचा गेला आणि कोणाचा नाही, हे वेळेचं पत्रक न बघता सांगता येतं. पॅडॉकमधले, म्हणजे संघांच्या आवारातले, जुने लोक म्हणतात की बार्सिलोनात जी गाडी चांगली, ती सगळीकडे चांगली. कारण इथे लांब सरळ पट्टा आहे, वेगाची वळणं आहेत आणि संथ, अवघड वळणंही आहेत.

सत्राच्या शेवटी घाई करून निघू नका. ड्रायव्हर शर्यतीच्या सुरुवातीचा सराव करतात. गाडी थांबते, इंजिन चढतं, मागची चाकं धूर काढतात आणि गाडी सुटते. मग पुढची, मग त्यापुढची. शर्यतीत हा थरार एकदाच मिळतो.

पत्रकावर विश्वास ठेवू नका

दिवस संपल्यावर कोणाची फेरी सगळ्यांत वेगवान, याची यादी येते. ती वाचायला मजा येते, पण तिच्यावर पैज लावू नये. गाडीत इंधन किती भरलंय, हे संघ कोणालाच सांगत नाहीत. २०१९ पासूनच्या नियमांत शर्यतीसाठी ११० किलोपर्यंत इंधनाची मुभा होती. बार्सिलोनासारख्या ट्रॅकवर दर १० किलोमागे फेरीला साधारण ०.३ सेकंदाचा फरक पडतो. भरलेली टाकी आणि जवळजवळ रिकामी टाकी यांत सहज तीन सेकंदांचं अंतर. त्यात टायर मऊ की कडक, इंजिन पूर्ण ताकदीने चालवलंय की जपून, हेही गुपितच.

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे २००१ मधला प्रोस्त संघ. चार वेळचा विश्वविजेता आलँ प्रोस्त मालक, ज्याँ अलेझी ड्रायव्हर. हिवाळ्यातल्या चाचण्यांत ही निळी गाडी यादीच्या शेंड्यावर झळकली. पैशांची चणचण असलेल्या संघाला प्रायोजक हवे होते आणि हलकी गाडी पळवून बातमी मिळवता येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मोसमभरात संघाच्या वाट्याला आले फक्त ४ गुण, आणि जानेवारी २००२ मध्ये दिवाळं निघालं.

म्हणून २००९ मध्ये तसाच प्रकार दिसला तेव्हा लोकांनी मान हलवली. डिसेंबर २००८ मध्ये होंडाने खेळ सोडला होता. रॉस ब्रॉनने तो संघ नाममात्र एका पाउंडाला घेतला. ६ मार्चला गाडी पहिल्यांदा धावली आणि तीन दिवसांनी बार्सिलोनात हजर. पांढरी, जवळजवळ कोरी, प्रायोजकांची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जेन्सन बटनने ती चालवली आणि वेळा इतक्या चांगल्या आल्या की, ही गाडी वजनाच्या नियमाखाली पळवून जाहिरात चाललीय, असा संशय बोलून दाखवला गेला. २९ मार्चला मेलबर्नमध्ये बटन पहिला आणि रुबेन्स बारिकेलो दुसरा आला. वर्षअखेर दोन्ही विजेतेपदं ब्रॉन संघाकडे होती. त्या मार्चमध्ये मोंटमेलोच्या स्टँडमध्ये जे थोडे लोक होते त्यांचा मला मनापासून हेवा वाटतो. फॉर्म्युला वनमधली सगळ्यांत विलक्षण गोष्ट त्यांच्यासमोर सुरू झाली.

कधी कधी आकडे नुसतेच सुंदर असतात. २०१९ च्या चाचण्यांत सेबास्टियन फेट्टेलची सर्वोत्तम फेरी १ मिनिट १६.२२१ सेकंद. लुईस हॅमिल्टनची १ मिनिट १६.२२४. आठ दिवस, हजारो फेऱ्या, आणि फरक ०.००३ सेकंद!

आणि २०२५? बहारीनमधल्या तीन दिवसांत सगळ्यांत वेगवान ठरला विल्यम्सचा कार्लोस साइन्झ. वर्षअखेर विजेता होता मॅक्लारेनचा लँडो नॉरिस.

हिरवा रंग, धातूच्या जाळ्या

टेस्टिंगच्या पहिल्या सकाळी गाड्या अशा काही अवतारात येतात की नवखा माणूस चक्रावतो. पंखावर, तळाच्या कडेवर चमकदार हिरवा किंवा नारिंगी द्रव फासलेला. याला फ्लो-व्हिज म्हणतात. चमकणारी रंगद्रव्याची भुकटी पॅराफिनसारख्या हलक्या तेलात कालवतात, गाडी बाहेर निघण्याआधी फासतात, आणि एखाद-दुसऱ्या फेरीत वारा तो रंग आपल्या वाटेने ओढत नेतो. तेल उडून जातं, रेषा उरतात. हवा कुठे चिकटून वाहते आणि कुठे सुटते, याचं ते चित्रच. गाडी गॅरेजमध्ये परतली की अभियंते आधी कॅमेरे घेऊन धावतात.

पुढच्या चाकांमागे कधी कधी मोठी धातूची जाळी बांधलेली असते. तिच्यात नळ्यांची रांगच्या रांग असते आणि प्रत्येक नळी हवेचा दाब मोजते. संगणकातल्या आणि विंड टनेलमधल्या गाडीचे आकडे खऱ्या गाडीशी जुळतात का, हे त्यातून पडताळलं जातं. जुळले नाहीत तर तो संघ वर्षभर चाचपडत राहतो. शर्यतीत यातलं काही दिसणार नाही. तिथे गाडी रंगरंगोटी करून, प्रायोजकांची नावं मिरवत येते.

लपवाछपवीही इथेच. २०१५ मध्ये रेड बुलने स्पेनमधल्याच हेरेझच्या चाचणीत गाडीला काळ्या-पांढऱ्या तुटक नक्षीचा रंग दिला. छायाचित्रकारांना गाडीचे उंचवटे, खोलगट भाग नीट टिपता येऊ नयेत असा तो पट्टेरी वेश. तो चाहत्यांना इतका आवडला की हीच नक्षी वर्षभर ठेवा, अशी मागणी झाली.

पण सगळंच लपत नाही. २० फेब्रुवारी २०२०, चाचणीचा दुसरा दिवस. हॅमिल्टनच्या गाडीतल्या कॅमेऱ्यात दिसलं की सरळ पट्ट्यावर तो स्टिअरिंग अंगाकडे ओढतोय आणि वळण आलं की पुढे ढकलतोय. स्टिअरिंग गोल फिरतं हे माहीत होतं, ते मागेपुढेही सरकतं हे कोणी कधी पाहिलं नव्हतं. त्या हालचालीने पुढच्या दोन चाकांचा एकमेकांशी असलेला कोन बदलत होता, सरळ पट्ट्यावर एक आणि वळणावर दुसरा. मर्सिडीजच्या या युक्तीचं नाव डास: ड्युअल ॲक्सिस स्टिअरिंग. जुलैमध्ये ऑस्ट्रियात रेड बुलने तक्रार केली, ती फेटाळली गेली. २०२१ पासून मात्र नियमाने ती बंद झाली. एका मोसमापुरती जगलेली ही कल्पना जगाने पहिल्यांदा पाहिली ती शर्यतीत नव्हे, सरावाच्या एका सकाळी.

हवामान आपलं ऐकत नाही

स्पेन म्हणजे ऊन, असं समजून पातळ कपड्यांत जाऊ नका. फेब्रुवारीत मोंटमेलोला सकाळी बोचरी थंडी असते, कधी धुकं इतकं की गाड्या गॅरेजमध्येच थांबतात. वैद्यकीय हेलिकॉप्टरला उडता येत नसेल तर ट्रॅक उघडत नाही.

२८ फेब्रुवारी २०१८ ला तर बर्फच पडला. ट्रॅक पांढरा. बहुतेक संघ गॅरेजमध्ये बसून राहिले, काहींनी जेमतेम तपासणीची फेरी मारली. संध्याकाळी यादीत वेळ नोंदलेलं नाव एकच, फर्नांडो अलोन्सो. अकरा फेऱ्या मारून तो त्या दिवसाचा ‘पहिला’ ठरला. असा दिवस नशिबी आला तर वाईट वाटून घेऊ नका. बर्फात फॉर्म्युला वनची गाडी किती लोकांनी पाहिलीय?

याच्या उलट गंमत २ मार्च २०१७ ची. हवामान कोरडं होतं आणि संघांना पावसाळी टायर तपासायचे होते, म्हणून ट्रॅक मुद्दाम ओला केला गेला.

खिशाचा हिशेब: बार्सिलोना

बार्सिलोनाची सगळ्यांत मोठी सोय म्हणजे लोकल. विमानतळावरून निघणारी रोदालीएसची आर-२ नॉर्ड ही गाडी शहरातल्या सांत्स आणि पासेच दे ग्रासिया स्थानकांवरून थेट मोंटमेलोला जाते. टॅक्सी नको, टूर कंपनी नको. स्थानकापासून ट्रॅक साधारण अर्ध्या तासाच्या चालीवर. रुळांची कामं काढली की मार्ग बदलतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक बघून ठेवावं. दहा प्रवासांचं टी-कॅज्युअल तिकीट घ्यायचं असेल तर ते झोननुसार मिळतं. फक्त शहराचा झोन घेतला तर मोंटमेलोला चालणार नाही.

मुक्कामाचा सापळा वेगळाच. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला बार्सिलोनात मोबाइल वर्ल्ड काँग्रेस भरते आणि हॉटेलांचे दर आकाशाला भिडतात. २०१९ मध्ये ती २५ ते २८ फेब्रुवारीला होती आणि दुसरी चाचणी २६ पासून. जे पहिल्या आठवड्याच्या चाचणीला गेले त्यांचे पैसे वाचले. तारखा आदळल्याच तर शहर सोडून त्याच लोकलवरच्या ग्रानोयेर्ससारख्या गावात खोली बघावी. ट्रॅकही जवळ पडतो.

जेवणासाठी एक गोष्ट पाठ करून जा: मेनू देल दिया. दुपारी साध्या उपाहारगृहांत ठरलेल्या किमतीत दोन पदार्थ, पाव, गोड किंवा कॉफी आणि बहुतेकदा पेयही. रात्री तेच जेवण सुटं मागितलं तर बिल बरंच फुगतं. ट्रॅकवर नेण्यासाठी बोकादियो, म्हणजे लांब पावात भरलेलं सारण. शाकाहारी असाल तर तोर्तिया दे पातातासचा विचार करताना त्यात अंडं असतं हे लक्षात ठेवा. पावावर टोमॅटो चोळून तेल घातलेला पा आम्ब तोमाकेत मात्र निर्धास्त खावा.

आणि हिवाळ्यात जाताय तर काल्सोत सोडू नका. हा कातालोनियाचा लांब पातीचा कांदा, जानेवारी ते मार्च त्याचा खरा मोसम. तो जाळावर बाहेरून काळा होईपर्यंत भाजतात, वरचं जळकं साल हाताने ओढून काढतात, सुकामेवा आणि भाजलेल्या टोमॅटोच्या रोमेस्को चटणीत बुडवतात आणि मान वर करून तोंडात सोडतात. हात काळे, चेहऱ्यावर चटणी, गळ्यात फडकं. हुरडा पार्टीला जाणाऱ्या माणसाला हा सोहळा परका वाटणार नाही.

आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो लवकर करणं हीच मोठी बचत, कारण व्हिसाची खात्री नसताना घाईत काढलेलं विमानाचं तिकीटच सगळ्यांत महाग पडतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फेब्रुवारी २०२० ची चाचणी बार्सिलोनाच्या चाहत्यांनी भरभरून पाहिली. दोनच आठवड्यांत, १३ मार्चला, कोरोनामुळे मेलबर्नची शर्यत रद्द झाली आणि मोसम उगवला तो थेट ५ जुलैला. त्यानंतर २०२२ ची इथली चाचणी प्रेक्षकांविना झाली, जानेवारी २०२६ चीही बंद दाराआड. बार्सिलोनाचं नाव ऐकून तिकीट काढण्याआधी दार उघडं आहे का, हे पाहायलाच हवं.

बहारीन: आपल्याला जवळ, चाचणीला सोयीचं

२०२३, २०२४ आणि २०२५, तिन्ही वर्षं मोसमाआधीची चाचणी बहारीनमध्येच झाली, दर वेळी तीन दिवस. थंडी नाही, धुकं नाही. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मुंबईहून विमान चारेक तासांत पोहोचतं, व्हिसा ऑनलाइन मिळतो आणि घड्याळ फक्त अडीच तास मागे करावं लागतं.

साखीरचा हा ट्रॅक राजधानी मनामापासून साधारण ३० किलोमीटरवर, वाळवंटात. लांबी ५.४१२ किलोमीटर, वळणं १५. २००४ मध्ये इथे झालेली ग्रां प्री ही मध्यपूर्वेतली पहिली. तेव्हा आजूबाजूची वाळू उडून ट्रॅकवर येऊ नये म्हणून तिच्यावर चिकट द्रव फवारला होता. सत्रं सकाळी १० ते संध्याकाळी ७. शेवटच्या दीड-दोन तासांत सूर्य मावळतो, दिवे लागतात. तेवढ्या दृश्यासाठीसुद्धा मी तिकीट काढायला सांगेन.

खर्चात दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली, चलन. ०.३७६ दिनारला एक डॉलर असा तिथला दर बांधलेला आहे, म्हणजे एक दिनार आपल्या दोनशे रुपयांहून बराच वर जातो. किंमत ‘फक्त पाच’ दिसली की आधी गुणाकार करा. दुसरी, वाहतूक. रेल्वे नाही, त्यामुळे चौघांनी मिळून गाडी भाड्याने घेणं परवडतं.

जेवणाची चिंता मात्र नको. मनामाच्या जुन्या बाजारात श्रीनाथजींचं मंदिर आहे, दोनशे वर्षांपूर्वी तिथे स्थायिक झालेल्या सिंधी व्यापाऱ्यांनी बांधलेलं. त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत हिंदी सर्रास ऐकू येते, डोसा आणि थाळी मिळते, चहा तर पावलोपावली. बहारीनमध्ये मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. ओळखीचं कोणी असेल तर आधी फोन करा.

वाळवंटात प्रसंगही घडतात. २०२४ मध्ये गटाराचं झाकण सैल होऊन ट्रॅकवर आलं आणि चाचणी थांबली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. २०२५ मध्ये पहिल्या दिवशी वीज गेली आणि दिव्यांविना सत्र अडकलं. शेवटच्या दिवशी काच फुटून ट्रॅकवर पडली, आणि वर एक बस चुकून ट्रॅकवर शिरली! लाल बावटा, सगळ्या गाड्या परत. शर्यतीच्या दिवशी या गोष्टी होऊ नयेत, म्हणून तर हे तीन दिवस असतात.

चाचणी चुकली की काय होतं

हे आपल्या करुण चंढोकला विचारावं. २०१० मध्ये त्याच्या एचआरटी संघाची गाडी वेळेत तयारच झाली नाही. हिवाळ्यातली एकही चाचणी नाही. बहारीनला पोहोचल्यावर मेकॅनिक मंडळी त्याची गाडी तिथेच जोडत होती आणि चंढोकने तिच्यातली पहिली फेरी मारली ती थेट पात्रता फेरीत. ज्या गाडीत आपण कधी बसून धावलोच नाही, तिच्यात ३०० च्या वेगाने पहिल्या वळणाकडे जायचं! शर्यत त्याला पहिल्या काही मिनिटांतच सोडावी लागली. तरीही त्या शनिवारी ती गाडी ट्रॅकवर नेली, हे धैर्य मला फार मोठं वाटतं.

उशिराने नेहमीच घात होतो असंही नाही. फोर्स इंडियाची २०१५ ची गाडी शेवटच्या चाचणीपर्यंत आलीच नव्हती, मधल्या चाचणीत त्यांनी जुनी गाडी चालवली. वर्षअखेर संघ पाचवा. आणि त्याच्या आदल्या वर्षी, नव्या हायब्रिड इंजिनांच्या पहिल्याच चाचणीत, सलग चार विजेतेपदं मिळवलेल्या रेड बुलला हेरेझमध्ये चार दिवसांत मिळून फक्त २१ फेऱ्या जमल्या. गाडी निघायची, तापायची, धूर यायचा, परतायची. तोच संघ वर्षअखेर दुसरा आला. हेरेझच्या स्टँडमध्ये तेव्हा कोणी पैज लावली असती?

दोन चाकांवर जीव असेल तर सेपांग

आपल्याकडे बाइकवेड्यांची संख्या मोठी. त्यांच्यासाठी मोटोजीपीची फेब्रुवारीतली चाचणी मलेशियातल्या सेपांगला होते, आणि खर्चाच्या दृष्टीने हा बहुधा सगळ्यांत हलका परदेशी बेत. भारतीयांना २०२६ अखेरपर्यंत ३० दिवसांसाठी व्हिसा लागत नाही, निघण्याआधी ऑनलाइन आगमनपत्र भरायचं. १९९९ मध्ये सुरू झालेला ५.५४३ किलोमीटरचा हा ट्रॅक क्वालालंपूरच्या विमानतळाला लागूनच आहे, त्यामुळे तिथल्याच एखाद्या साध्या हॉटेलात राहून टॅक्सीचा खर्चही कमी होतो.

इथे उशिरा उठणाऱ्याचं नुकसान. दुपारी डांबर भाजतं आणि पाऊस कोसळतो, म्हणून वेगाच्या फेऱ्या सकाळी पहिल्या तासातच लागतात. छत्री, पाणी आणि टोपी, तिन्ही बरोबर.

या ट्रॅकशी मुंबईचंही नातं आहे. मुंबईच्या महिंद्राच्या बाइकवर फ्रान्सेस्को बान्याया नावाच्या तरुणाने जून २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या ॲसेनला मोटोथ्री या धाकट्या श्रेणीची शर्यत जिंकली, त्याची आणि महिंद्राची ती पहिलीच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेपांगलाही तो महिंद्रावर जिंकला. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये तो मोटोजीपीचा विश्वविजेता झाला. मुख्य श्रेणीचा विजेता होण्याआधी ज्याने भारतीय कंपनीच्या यंत्रावर विजय मिळवला, त्याला त्याच डांबरावर सरावताना बघणं मला कुठल्याही ग्रां प्रीइतकं मोलाचं वाटतं.

आणि शून्य रुपयांत

तिकीटच नको असेल तर इटलीत मरानेल्लो. फेरारीच्या कारखान्याला लागून एन्झो फेरारीने १९७२ मध्ये स्वतःचा चाचणी ट्रॅक बांधून घेतला, फियोरानो. लांबी जेमतेम तीन किलोमीटर. प्रेक्षकांसाठी स्टँड नाहीत आणि आत जायची मुभाही नाही, पण कुंपणाबाहेरच्या रस्त्यावरून गाडी दिसते आणि आवाज तर गावभर. नवी फेरारी बाहेर निघाल्याची कुणकुण लागली की शिडी घेऊन, मुलांना खांद्यावर घेऊन लोक येतात.

२२ जानेवारी २०२५ ला, कडाक्याच्या थंडीत आणि धुक्यात, हॅमिल्टन पहिल्यांदा लाल गाडीत बसला. गाडी दोन वर्षं जुनी, २०२३ ची, कारण सरावासाठी नियमात तेवढीच मुभा. तरी कुंपणाशी गर्दी जमली होती. फियोरानोच्या तारखा सहसा आधी जाहीर होत नाहीत, पण जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शक्यता सगळ्यांत जास्त. गाडी निघालीच नाही तर गावातलं फेरारीचं संग्रहालय आहे, त्याला तिकीट आहे. मोदेना स्थानकाजवळून मरानेल्लोला बस जाते, मोदेनाला बोलोन्याहून लोकल मिळते, आणि बोलोन्यात विद्यापीठामुळे स्वस्त खोल्या आणि स्वस्त जेवण दोन्ही सापडतं.